दुकान नंतर, आधी वही

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून एका प्लंबरचं पत्र आलंय. चांगलं चार पानी आहे, त्यातलं मुद्द्याचं तेवढं देते:

"काकू, माझं वय ३१. विसाव्या वर्षी गावातल्या मेस्त्रीबरोबर म्हापशाला गेलो, हेल्पर म्हणून. सात वर्षांत हात बसला. लग्न झालं तसा परत आलो आणि गेली चार वर्षं बेळगावात एका कॉन्ट्रॅक्टरकडे आहे, ९०० रुपये हजेरी. साइटवरचं सगळं मीच बघतो, मापं मी काढतो, पोरांना कामं मी वाटून देतो, मालक आठवड्यातनं एकदा येतो आणि बिल घेऊन जातो. आता वाटायलंय स्वतःचं सुरू करावं. १ लाख ८० हजार साठलेत. टिळकवाडीत एक गाळा बघितलाय, डिपॉझिट एक लाख. एक बिल्डर आठ फ्लॅटचं काम मालासकट द्यायला तयार आहे. पैसे कमी पडले तर बायको म्हणते दागिने ठेवूया. बाबा म्हणतात लागलेली हजेरी सोडू नको. कन्नड मला कामापुरतंच येतं. काय करू?"

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि एकदा आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी ३० वर्षं प्लंबिंग केलं, आता गुडघे गेलेत म्हणून घरी असतात, आणि मी बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या छोट्या हार्डवेअरच्या दुकानात २४ वर्षं काउंटरवर बसलेय. त्यामुळं जे सांगणार आहे ते काउंटरच्या आतल्या बाजूनं बघितलेलं आहे. तू स्वतःचं सुरू कर. हे मी आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना तुझ्या पोटात गोळा यायला नको. साइट तू चालवायलास, माप तू काढायलास, पोरं तुझं ऐकतात, मग तू मेस्त्री झालाच आहेस की, आता फक्त पैशाचा मेस्त्री व्हायचं राहिलंय आणि माझं सगळं बोलणं त्याच्यावरच आहे.

या २४ वर्षांत किती पोरं बघितली मी, पहिली मोठी ऑर्डर मिळाली की डोळ्यात चमक घेऊन दुकानात यायची, सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर मालाची यादी लिहिलेली, वळणाचे एल्बो इतके, टी इतके, पाइप चिकटवायच्या सॉल्व्हंटचे डबे इतके. त्यातली बरीच दोन-तीन वर्षांत परत कुणाच्या तरी हजेरीवर गेली. हात वाईट होता म्हणून गेली असं एकाचंही झालं नाही. सगळी एकाच जागी बुडाली, खिशात आलेला पैसा आपलाच आहे असं धरून चालली.

एक पोरगा आठवतो. त्याची कन्सील्ड लाइन, म्हणजे भिंतीच्या आतली पाइपलाइन, बघत राहावी अशी असायची, पाइपासाठी भिंतीत मारायची झिरी सुद्धा ओळंब्यात मारायचा. एका गिऱ्हाइकानं त्याला मालासाठी ४० हजार ॲडव्हान्स दिला. त्याच दिवशी संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि आधीच्या साइटची २८ हजार उधारी भागवून गेला, मी वहीत जमा केली, मला बरंच वाटलं त्या वेळी. उरलेल्या १२ हजारात घरचं काहीतरी झालं. मग या नवीन साइटचा माल कशातनं? परत माझ्याकडून उधार. आणि ती उधारी पुढच्या साइटच्या ॲडव्हान्समधून. असं दीड वर्ष चाललं, बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं काय धंदा चाललाय याचा, आणि एका पावसाळ्यात दोन महिने नवीन काम आलं नाही तशी सगळी माळ तुटली. एका गिऱ्हाइकाचं बाथरूम अर्धं, माझी उधारी थकलेली, हेल्परची हजेरी थकलेली. तो पोरगा चोर नव्हता रे. त्याला फक्त कुणी सांगितलं नव्हतं की ते ४० हजार त्याचे कधी नव्हतेच, ते पाइपचे होते.

म्हणून तुझी पहिली खरेदी ड्रिल मशीन नको, एक मोठी वही घे. आणि बँकेत दुसरं खातं काढ. मालासाठी आलेला पैसा त्या खात्यात जाणार, तिथनं फक्त हार्डवेअरवाल्याला जाणार, घरचा गॅस सिलिंडर त्यातनं येणार नाही म्हणजे नाही. मजुरीचा पैसा वेगळ्या खात्यात. वहीत प्रत्येक साइटला एक पान, डावीकडं गिऱ्हाइकानं दिलेले, उजवीकडं मालाला गेलेले, आणि काम संपलं की पान गिऱ्हाइकासमोर उघडायचं, उरलेला माल मोजून परत द्यायचा. उरलेले चार कप्लर आणि अर्धा रोल टेफ्लॉन टेप परत देणारा प्लंबर गिऱ्हाइक जन्मात विसरत नाही.

आता त्या बिल्डरचं. आठ फ्लॅट मालासकट. तू पत्रात मालाचा आकडा लिहिला नाहीस म्हणून मी समजुतीसाठी धरते की एका फ्लॅटला पाइप, फिटिंग, ड्रेनेज, टाकीची लाइन मिळून ७५ हजारांचा माल. आठाचे ६ लाख. तुझ्याकडे १ लाख ८०, त्यातला एक लाख गाळ्याच्या डिपॉझिटला गेला तर ८० हजार. उरलेले ५ लाख २० हजार कुठून यायचे? थोडे हार्डवेअरवाल्याच्या उधारीतून आणि थोडे तुझ्या बायकोच्या गळ्यातून. म्हणजे बिल्डिंग त्याची, फ्लॅट विकून नफा त्याचा, आणि त्याला बिनव्याजी पैसे पुरवणार कोण तर खानापूरची एक पोरगी स्वतःचे दागिने ठेवून. हे तुला कागदावर मांडल्याशिवाय दिसलं नसतं म्हणून मांडलं.

आमच्या घरी हे झालेलं आहे. आमच्या ह्यांनी एका बिल्डिंगचं १२ फ्लॅटचं काम मालासकट घेतलं होतं, सगळं तोंडी. काम व्यवस्थित झालं, पाणी सुरू झालं, लोक राहायला आले, आणि शेवटचं १ लाख ४० हजारांचं बिल राहिलं ते राहिलंच. आज या, सोमवारी या, पार्टनर गावाला गेलाय, एक फ्लॅट विकला की देतो. मी स्वतः सात वेळा गेले. ऑफिसबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून ठेवायचे, चहा द्यायचे, पैसे द्यायचे नाहीत. शेवटी घाऊक व्यापाऱ्याचे भागवायला माझ्या पाटल्या मोडल्या. पाटल्यांचं दुःख एवढं नव्हतं, पण ह्यांनी त्यानंतर वर्षभर कुठलंच मोठं काम घेतलं नाही, हातातली हिंमतच गेली होती, ते बघणं मला जड गेलं. म्हणून तुझ्या बायकोनं मोठ्या मनानं दागिने पुढं केलेत ते तिला परत दे आणि सांग काकूंनी सांगितलंय, कपाटात राहू देत.

बिल्डरचं काम सोड असं मात्र मी म्हणत नाही. लेबर रेटवर घे. माल त्याचा, यादी तुझी, मजुरी तुझी. यादी नीट पक्की करून द्यायची, कुठल्या कंपनीचा पाइप, किती इंच, किती नग, आणि माल साइटवर आला की मोजून सही करून घ्यायचा. मजुरीचे हप्ते कामाच्या टप्प्याला बांध, तारखेला बांधू नको. सुरुवातीला २० टक्के, झिऱ्या मारून भिंतीतली लाइन टाकून प्रेशर टेस्ट, म्हणजे पाण्याचा दाब देऊन कुठं गळत नाही हे, दाखवली की ३०, ड्रेनेज आणि शाफ्टच्या उभ्या लाइन झाल्या की २५, नळ-कमोड-बेसिन बसवले की २०, आणि शेवटचे ५ पाणी चालू करून महिना झाल्यावर. एवढं एका साध्या कागदावर दोघांच्या सहीनं. हप्ता आला नाही तर पुढचा टप्पा सुरू करायचा नाही, भांडायचंही नाही, अवजारांची पिशवी उचलायची आणि दुसऱ्या कामाला जायचं. लेबर रेटमध्ये जास्तीत जास्त काय बुडेल तर एका टप्प्याची मेहनत. घर बुडणार नाही.

यात अजून एक आहे जे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. जीएसटीत आपल्यासारख्या सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. पण उलाढाल म्हणजे तुझा नफा नव्हे, तुझ्या नावानं झालेलं सगळं बिल, त्यात मालाचे पैसेही आले. वर्षात मालासकट अशा तीन-चार बिल्डिंगा घेतल्यास तर हातात मजुरीएवढंच उरून तू २० लाखांच्या वर गेलेला असशील. जुलै २०२५ मध्ये आपल्या कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या-छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा आल्या होत्या ते तुला आठवत असेल. लोकांनी मालाला म्हणून पाठवलेला पैसा तुझ्या स्कॅनरवर आला की तोही तुझ्या नावावर दिसतो. म्हणून गिऱ्हाइकाला सांगायचं, मालाचं बिल थेट दुकानात भरा, माझ्याकडं फक्त मजुरी द्या. दुसऱ्याचा पैसा हाताला लागूच द्यायचा नाही, हा सगळ्यात सोपा मार्ग.

आपण सीमेवरचे, त्यामुळं तुला महाराष्ट्रातल्या शिनोळी, चंदगडकडची कामंही येणार. तिकडं जाऊन मजुरीचं काम केलं तर ती दुसऱ्या राज्यातली सेवा धरली जाते, पण २० लाखांच्या आत असलास तर नोंदणी लागत नाही. माल इथून विकत घेऊन तिकडं विकायला लागलास तर मात्र पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. मोठं काम घ्यायच्या आधी एकदा एखाद्या टॅक्सवाल्याकडं बसून ये, त्याची फी द्यायला लाजू नको.

नोकरी सोडायचं म्हणशील तर बाबांचं अर्धं बरोबर आहे. उद्याच सोडू नको. बिल्डरचं काम कागदावर पक्कं होऊन सुरू होईपर्यंत चार-सहा महिने रविवार आणि संध्याकाळ वापर, आणि तेवढ्यात फक्त रिपेरीची कामं घे. तुला वाटेल मी आठ फ्लॅटचा माणूस, नळाचा वायसर कशाला बदलत बसू. पण रिपेरीचे पैसे हातोहात मिळतात, उधारी नाही, बिल्डर नाही, आणि ज्या बाईच्या किचनचं गळणं तू रविवारी संध्याकाळी थांबवलंस तिच्या जावेचं, नणंदेचं, शेजारणीचं काम तुझ्याकडंच येतं. आणि बेळगावात हे काम वाढणारच. २४ तास पाण्याची योजना २००८ च्या सुमारास आपल्याकडं थोड्या वॉर्डांत आली, आता बाकीच्या शहरात पसरायलीय. पूर्वी चार-आठ दिवसातनं एकदा पाणी यायचं तेव्हा टाकीतला गळणारा बॉल कॉक कुणाला कळायचा पण नाही. आता दाब कायमचा, वर मीटर. सेकंदाला एक थेंब पडणारा नळ दिवसाला २० लिटरच्या आसपास पाणी घालवतो, म्हणजे रोज एक मोठी बादली, आणि कॉक गळून टाकी ओव्हरफ्लो होत असेल तर विचारूच नको. लोक बिल हातात घेऊन प्लंबर शोधायला लागतात. खेड्यातही जलजीवन मिशनमुळं दारात नळ आलेत, पण दारापासून मोरीपर्यंत, न्हाणीपर्यंत, वरच्या टाकीपर्यंत कोण नेणार? तुझ्या गावच्या आसपासची पाच-सहा खेडी तुझी एकट्याची आहेत, तिथं बेळगावचा प्लंबर एका नळासाठी येत नाही. फक्त मेन लाइनला परवानगीशिवाय हात लावायचा नाही, गावात कितीही ओळखीचा माणूस सांगू दे.

आणि मालकाशी नीट वाग. त्याच्या साइटवर त्याच्या गिऱ्हाइकाला आपला नंबर द्यायचा नाही. सोडायच्या महिनाभर आधी तोंडावर सांगायचं. चार वर्षं त्याचं मीठ खाल्लंयस आणि उद्या त्याच्याकडं काम जास्त झालं की तो तुलाच बोलावणार, असे जुने मालकच पहिल्या वर्षी अर्धं घर चालवतात.

दर किती लावायचा हे तू विचारलं नाहीस पण इथंच सगळे फसतात. तुला आज ९०० मिळतात, २५ दिवसांचे २२,५००. तुला वाटतंय स्वतःचं केलं की हजार-बाराशे घेतले तरी वर. बघ आता. स्वतःचं झालं की महिन्यातले १६ दिवसच खरं काम होतं, बाकीचे माप बघायला, माल आणायला, पैसे मागायला आणि वाट बघत जातात. घराला २२,५०० पाहिजेत. पेट्रोल आणि गाडी ४,०००. ब्लेड, बिट, मशीनची झीज १,५००. फोन आणि किरकोळ १,०००. हेल्परचे १६ दिवस ६०० नं ९,६००. बेरीज ३८,६००. भागिले १६, म्हणजे दोघांचे मिळून दिवसाला २,४०० च्या वर. याच्या खाली काम घेतलंस की तू घरातून घालून दुसऱ्याचं बाथरूम करायलास. आकडे तुझ्या घरचे घाल, पण हे गणित रात्री बायकोला शेजारी बसवून कर, अंदाजानं नको.

गाळा नको. एक वर्ष तरी नको. प्लंबरला लोक फोन करतात, दुकानात येऊन बघत नाहीत. तू दिवसभर साइटवर आणि गाळ्याला कुलूप, भाडं मात्र चालू. तुझ्या १ लाख ८० चं मी असं करीन: ७० हजार वेगळे, ते तीन महिन्यांच्या घरखर्चाचे, त्याला हात नाही. ४५ हजारांत अवजारं, दोन पाइप पाने, चेन पाना, चांगलं ड्रिल, झिरी मारायचं कटर, थ्रेडिंगचे डाय सेकंडहँड चालतील, पण प्रेशर टेस्टचा पंप नवा घे आणि गेज चांगलं घे. २५ हजार फिरते, किरकोळ माल आणि हेल्परच्या हजेरीला. उरलेले ४० हजार बँकेत, चुकीसाठी. चूक होणार बाळा, सगळ्यांची होते.

आमची झाली ती सांगते. अनगोळात एका बंगल्याचं काम होतं, वास्तुशांतीची तारीख धरलेली, टाइलवाला दारात उभा. ह्यांनी वरच्या बाथरूमची टेस्ट केली नाही, म्हणाले रोजचंच काम आहे. आठ महिने काही झालं नाही. मग मालकानं शॉवरला जोर येत नाही म्हणून प्रेशर पंप बसवला आणि चौथ्या दिवशी बेडरूममधल्या कपाटामागची भिंत ओली. फोडून बघितलं तर आत एक एल्बो सुकाच ठोकलेला, सॉल्व्हंट लावायचंच राहिलेलं. टाकीच्या दाबाला तो नुसता घट्ट बसून राहिला होता आणि पंप लागल्यावर सुटला. मला तो एल्बो अजून आठवतो, ह्यांनी घरी आणून टेबलावर ठेवला होता, आतून अगदी स्वच्छ, निळा-पिवळा डाग सुद्धा नाही. टाइल, प्लास्टर, कपाटाची मागची फळी, रंग, सगळे मिळून ३४ हजार आमच्या खिशातून गेले. पण गेले ते बाजूला ठेवलेल्या पैशातून गेले, दुसऱ्या कुणाच्या ॲडव्हान्समधून नाही, आणि त्याच मालकानं पुढं सात कामं दिली.

म्हणून टेस्ट झाल्याशिवाय गौंड्याला प्लास्टर मारू द्यायचं नाही, कुणाची कसलीही तारीख असू दे. चालू दाबाच्या दीडपट दाब द्यायचा, गेजकडं बघायचं, काटा खाली आला तर शोधायचं. सॉल्व्हंट लावल्या-लावल्या टेस्ट नको, डब्यावर वेळ लिहिलेली असते ती पाळायची, आणि आपल्याकडं जून-जुलैत, खानापूर बाजूला तर हवाच ओली असते, तेव्हा त्याच्याहून जास्त वेळ द्यायचा. पाइप आधी फडक्यानं कोरडा करायचा. मग गेजचा फोटो, आणि उघड्या भिंतींचे फोटो, टेप लावून, जमिनीपासून किती वर आणि दारापासून किती आत. हे फोटो गिऱ्हाइकाला पाठवून ठेवायचे. दोन वर्षांनी आरसा लावायला कोण ड्रिल मारायला आलं की ती माणसं तुझा फोटो उघडतील आणि तुझं नाव घेतील.

आणि गिऱ्हाइकाला आधीच समजावून सांगायची सवय लाव. १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण १ बार दाब. वरच्या मजल्यावरचा शॉवर टाकीच्या खाली जेमतेम ३ मीटर, म्हणजे ०.३ बार. तिथं पंपाशिवाय त्या मोठ्या ताटाएवढ्या शॉवरमधनं पाणी नुसतं टपटपणार. हे त्यानं शॉवर विकत घ्यायच्या आधी सांगितलंस तर तू शहाणा, नंतर सांगितलंस तर काम बिघडवलेला. तसंच गरम पाण्याला साधा पीव्हीसी टाकायचा नाही, स्वस्त पडतो म्हणून गिऱ्हाईक कितीही मागं लागू दे, गरम पाण्याला चालणारा सीपीव्हीसीच. सोलरच्या टाकीची हवेची नळी छाटायची नाही किंवा टोपण घालून बंद करायची नाही.

एक गोष्ट मात्र मी हात जोडून सांगते. सेप्टिक टँकमध्ये स्वतः उतरायचं नाही आणि हेल्परला उतरवायचं नाही. बंद टाकीतला वायू दोन श्वासात माणसाला पाडतो, आणि वाचवायला उतरलेला दुसराही वर येत नाही. माणसाला असं आत उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, सक्शनची गाडी मिळते. कुणी पाचशे जास्त देतो म्हणाला तरी नाही. तुझ्याकडं जो हेल्पर येईल तो कुणाचा तरी तुझ्यासारखाच विसाव्या वर्षी घर सोडलेला मुलगा असेल.

कागदपत्रांचं भराभर सांगते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, आधारवर ऑनलाइन होते, फुकट आहे, पैसे मागणाऱ्या एजंटाकडं जाऊ नको. बांधकाम कामगार कल्याण मंडळाचं लेबर कार्ड काढलं नसशील तर आजच्या मालकाकडं असतानाच काढ, वर्षात ९० दिवस कामाचा दाखला लागतो, प्लंबर त्यात येतो. आयटीआय नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नको, अनुभवावर परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देणारी आरपीएलची सोय आहे, प्लंबिंगच्या स्किल कौन्सिलची, ती मिळाली तर घे, मोठ्या साइटवर विचारतात. गावात कोण तरी सांगेल कारागिरांच्या पीएम विश्वकर्मा योजनेचा फॉर्म भर म्हणून, पण तिच्यातल्या १८ धंद्यांत प्लंबर नाही, गवंडी आहे. खोटं गवंडी लिहून फॉर्म भरायला लावतील, ते करू नको. पैसे खरंच लागले, म्हणजे गाडी घ्यायला वगैरे, तर सरकारी मुद्रा योजनेचं शिशू कर्ज ५० हजारांपर्यंत विनातारण असतं, सोन्याच्या आधी तिकडं बघ. आणि बँकेत २० रुपयांचा अपघात विमा सुरू कर, वर्षाला २० रुपये, २ लाखांचं संरक्षण. शिडीवर चढणाऱ्या माणसानं हे टाळायचं नसतं.

कन्नडचं तू शेवटी एका ओळीत लिहिलंस, पण मला वाटतं ती तुझी मनातली खरी भीती आहे. घरात मराठी, शाळा मराठी, गोव्यात कोंकणी-हिंदी, मग कन्नड यायचं कुठून, त्यात तुझा काय दोष. पण गिऱ्हाईक अर्धं कन्नड आहे, ऑफिसातला फॉर्म कन्नड आहे. आपली भाषा घरात, मनात, पोरांच्या अभ्यासात पक्की आहे ना, मग दुसरी शिकल्यानं ती कमी होत नाही. पाण्याचं कन्नड थोडंच आहे. "नीर बरवल्दु" म्हणाले की पाणी येईना, "नळ सोराकत्तैती" म्हणाले की नळ गळायलाय. रोज दोन शब्द वहीच्या शेवटच्या पानावर लिही. मोडकं बोललास तरी समोरचा खुश होतो, मी काउंटरवर २४ वर्षं मोडकंच बोलतेय आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं कन्नडच आहेत. पुढं कधी गाळा घेतलास तर बोर्डावर ६० टक्के कन्नड लागतं, २०२४ च्या दुरुस्तीनंतर तसा कायदा आहे, पेंटरला आधी सांग म्हणजे बोर्ड दोनदा रंगवायला लागणार नाही.

बाबांना गप्प करू नको. त्यांना तीन महिन्यांचे बाजूला ठेवलेले ७० हजार पासबुकात दाखव. त्यांची काळजी चूल बंद पडायची आहे, तुझ्या धंद्याची नाही. आणि वही बायकोकडं दे. तू साइटवरून दमून आलास की आकडे उद्यावर टाकशील, ती टाकणार नाही. उधारी मागायचा फोन सुद्धा तिलाच करू दे, लोक प्लंबरला टोलवतात, हिशोब पुढ्यात घेऊन बोलणाऱ्या बाईला टोलवायला त्यांना जड जातं, हे मी अनुभवानं सांगते.

आता बिल्डरला काय सांगायचं. रविवारी सकाळी फोन कर, मेसेज नको. म्हण, "साहेब, काम मला करायचंय आणि चांगलं करून देईन. माल तुम्ही घ्या, यादी मी देतो, मोजून घेतो, एक फिटिंग वाया जाणार नाही. मजुरीचा दर आणि टप्पे कागदावर लिहून आणतो, बघून सांगा." एवढंच. तो कदाचित म्हणेल की मालासकट करणारे छप्पन आहेत. तेव्हा घाई करू नको, "विचार करून कळवा साहेब" म्हण आणि फोन ठेव. तो काय म्हणाला ते मला लिहून पाठव, आणि दराचा कागद त्याला द्यायच्या आधी माझ्याकडं पाठवलास तर ह्यांना दाखवते, त्यांनी चष्मा पुसून ठेवलाय.